बाईंच्या गाडीचे चार टायर

शनिवार उजाडला की ड्रायव्हरकाका गॅरेजचं शटर वर करत, गाडीला हात जोडत आणि मग तिला पाव चाक पुढे सरकवत. पुढच्या शनिवारी पाव चाक मागे. गाडी एकाच जागी उभी राहिली की भार टायरच्या एकाच जागेवर पडतो आणि टायर तिथे बसतो, असं त्यांना बाईंनी सांगितलं होतं. म्हणून टायरच्या कडेला खडूची खूण, भिंतीवर तारीख. पंधरा दिवसांतून एकदा वस्तीभोवती चार किलोमीटरची फेरी, बॅटरी मरू नये म्हणून. मग फडकं घेऊन गाडी पुसायची आणि शेवटी चकाकीच्या डब्यातलं तेल लावून चारही टायर काळेकुळकुळीत करायचे. हे सहा वर्षं चाललं होतं. आजारी पडले तरी चुकलं नाही. एकदा तापात उठून आले, गाडी सरकवली आणि तिच्याच बॉनेटला टेकून बसून राहिले.

गाडी बाईंची. बाई म्हणजे मोठ्या सर्जन. पोटाची ऑपरेशनं करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. वीस वर्षं काकांनी त्यांना साध्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं-आणलं. बाई मागे बसायच्या, कागद वाचायच्या, मधूनच काही बोलायच्या. लग्नाच्या भानगडीत बाईही पडल्या नाहीत आणि काकाही. काकांची एक बहीण होती. ती गेल्यावर तिच्या मुलांकडून कधीमधी लग्नाची पत्रिका यायची, तेवढंच.

मग बाई निवृत्त झाल्या. साठाव्या वर्षी लोक गुडघ्याला पट्टा घेतात. बाईंनी दोन सीटची, जमिनीला पोट घासत चालावी अशी, करड्या रंगाची स्पोर्ट्स कार घेतली. गाडी दारात आली तेव्हा काका नवा शर्ट घालून उभे होते. बाईंनी हात पुढे केला.

"किल्ली द्या. तुम्ही तिकडून बसा."

"मग मी काय करायचं, बाई?"

"माझ्याशी बोलायचं. वीस वर्षं मी तुमच्या मानेशी बोलतेय."

काकांना आधी अपमान वाटला. ड्रायव्हर तो, आणि शेजारी पिशवी सांभाळत बसायचं. गल्लीतल्यांना तर विषयच मिळाला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्यांना 'बसका ड्रायव्हर' म्हणू लागला. "काय हो बसके ड्रायव्हर, आज किती किलोमीटर बसलात?" काका म्हणायचे, "तुला उभं राहून मिळत नाही तेवढं मला बसून मिळतं." पण महिन्याभरात तेच रविवारची वाट बघू लागले. रविवारी पहाटे बाई डोंगराच्या रस्त्याला जायच्या. वळण दिसलं की आधी ब्रेक, मग गाडी आत घालायच्या, आणि घालताना एकच शब्द बोलायच्या, "धरा." काका दाराची मूठ धरायचे. वळण संपलं की बाई जिथे थांबलेलं असेल तिथून बोलणं पुढे चालू करायच्या. ऑपरेशन टेबलावर दगावलेल्या माणसांबद्दल बाई फक्त त्या गाडीत बोलल्या. काका देवाला मानणारे. ते म्हणायचे, "बाई, हात तुमचा, आयुष्य त्याचं." बाई देवाला मानत नव्हत्या. पण "हं" म्हणायच्या आणि पुढच्या वळणाला गाडी थोडी सावकाश घ्यायच्या.

असं सात वर्षं चाललं. आठव्या वर्षी एका सकाळी चहा पिताना बाईंच्या हातातून कप सुटला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. त्यांचा भाचा दहा तासांवरच्या गावी राहतो. तो चांगला माणूस. धावत आला आणि मावशीला घेऊन गेला. "जरा बरी झाली की आणतो, काका. तोवर तुम्ही इथेच राहा. घर आणि गाडी बघा." काका गॅरेजमागच्या खोलीत राहत होतेच. ते राहिले.

बाईंची वाचा परत आली, पण एका शब्दापुरती. 'हो'. जेवलात का, हो. थंडी वाजते का, हो. कधी हसून, कधी डोळ्यांत पाणी आणून, पण हो.

आणि आता सहा वर्षांनी भाच्याचा फोन आला.

"काका, मावशीला तिकडे आणावं म्हणतोय. आठेक दिवसांसाठी. गाडीचा फोटो दाखवला ना, की बोट ठेवते त्याच्यावर. एकदा गाडीत बसवू तिला. तुम्ही हळू एक फेरी मारा. टायरबियर बघून घ्या तेवढं."

"टायरला काय धाड भरलीय?" काका म्हणाले. "नवेकोरे आहेत. बाई आजारी पडायच्या महिनाभर आधी तर बदलले."

फोन ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपला आवाज चढला होता. सहा वर्षांत तो कुणावर चढायची वेळच आली नव्हती. त्या दिवशी त्यांनी बाईंची खोली उघडून झटकली, चादर बदलली आणि देवाजवळ नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसले. काही मागितलं नाही. नुसते बसले.

दुसऱ्या दिवशी हवा तपासून घ्यावी म्हणून ते गाडी घेऊन टायरच्या दुकानात गेले. हमरस्त्याला वळायच्या तोंडाशी ते दुकान. टायरवाला अंगाने चांगला भरलेला, चष्मा कपाळावर आणि तोंडाला कुलूप नाही.

"या काका, या. आज विमान उतरवलंत आमच्याकडे."

"हवा बघ. बाकी सगळं नवं आहे."

टायरवाला गुडघ्यावर बसला. हवेची नळी बाजूला ठेवून त्याने टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग चष्मा डोळ्यांवर घेतला. "काका, इकडे वाका जरा. हे चार आकडे दिसतात? पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कितवं वर्ष. टायरची जन्मतारीख. हे टायर आठ वर्षांचे आहेत."

"सहा वर्षांपूर्वी घेतलेत."

"तेव्हाच ते दोन वर्षांचे होते. ज्याने दिले त्याने तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही."

"पण नक्षी बघ ना. जराही झिजलेली नाही."

"नक्षी आहे हो. रबर नाहीये." त्याने नख दाबून दाखवलं. नख रुतलं नाही. मग टायरची कड बोटांनी ताणली, तर काळ्या चकाकीखाली केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. एक नाही, शेकडो. "उभ्या उभ्या वाळलेत. असा टायर नुसता दिसायला. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारलात तर गाडी थांबणार नाही, घसरत जाईल. कशाने पुसता?"

काकांनी डब्याचं नाव सांगितलं.

"रोज?"

"दर शनिवारी."

टायरवाल्याने चष्मा परत कपाळावर सारला. काकांना कळायचं ते कळलं. तरी त्यांनी विचारलं, "त्याच्यानेच झालं का?"

"सगळं नाही. वय तर झालंच होतं. पण असली तेलं रबराचा जीव शोषतात, काका. टायरला काही लावायचं नसतं. पाणी मारायचं आणि चालवायचं."

काका दुकानाच्या बाकावर बसले. सहा वर्षं ज्याची निगा राखली म्हणून मनातून थोडा अभिमान होता, तेच आपण आपल्या हाताने वाळवलं. आणि याच टायरवर बसवून बाईंना फिरवणार होतो. त्यांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले, वेळेवर डोळे उघडलेस म्हणून.

"तर मग," टायरवाला समोर स्टूल ओढून बसला, "नवे घेऊ. पुढचे दोन अरुंद, मागचे दोन रुंद, ते मला माहीत आहे. आता मी विचारतो त्याचं खरं उत्तर द्या. या गाडीला टायर निवडायचे तर गाडीकडे बघून नाही, माणसाकडे बघून निवडावे लागतात. कोण चालवणार?"

"मी."

"वर्षाला किती?"

काकांनी हिशेब केला. पंधरा दिवसांनी चार किलोमीटर. आकडा जिभेवर आला आणि तिथेच राहिला. तो सांगितला असता तर आपलं गेलं सगळं आयुष्य या माणसापुढे उघडं पडलं असतं असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "शेजारी बाई बसणार आहेत."

टायरवाल्याने मान हलवली, जणू हेही एक उत्तरच. त्याने तीन प्रकार सांगितले. एक शर्यतीवाल्यांचा. लोण्यासारखं रबर, वळणाला गोचिडासारखा चिकटतो, पण थंडीत दगड होतो आणि पावसात घात करतो. दुसरा रस्त्यावर जोरात चालणाऱ्या गाड्यांचा. कोरड्यात धरतो, ओल्यातही धरतो. गाडी बनवणाऱ्यांनी स्वतः तपासून याच गाडीसाठी पसंत केलेला, त्याची खूण कडेवर असते. तिसरा साधा. माप तेच, गोल तोच, काळा तोच. वर्षानुवर्षं झिजणार नाही. मात्र ही गाडी ज्या वेगाला जाते त्या वेगासाठी तो बनलेलाच नाही.

"तुमचं चालवणं बघता तिसराही चालेल," टायरवाला म्हणाला. "वस्तीत वीसच्या स्पीडने फिरायला काय हो."

काकांना बाईंची आठवण झाली. मागच्या वेळी टायर घेताना अशाच एका दुकानात बाई विक्रेत्याला म्हणाल्या होत्या, "अहो, हात माझा असला तरी आतल्या मांसाला लागतो तो हातमोजा. मोजा भिकार असेल तर हाताचं कौतुक काय करू?" आणि परत येताना गाडीत काकांना आपला पंजा उघडून दाखवला होता. "एक टायर रस्त्याला टेकतो तो एवढाच. असे चार तळवे. बाकी सगळी गाडी या चार तळव्यांच्या भरवशावर असते."

"दुसरे मागव," काका म्हणाले. "आणि जन्मतारीख बघून. या वर्षाचे हवेत, चारही."

"आता बोललात शहाण्या गिऱ्हाइकासारखं. पाच दिवस लागतील."

टायर बदलावे लागणार, हे त्यांनी भाच्याला फोनवर कळवलं. पहिले तीन दिवस काकांचे बरे गेले. बाईंना खुर्चीतून गाडीत कसं उतरवायचं, याचा त्यांनी एकट्यानेच सराव केला. शेजारची सीट फार खाली. उशी लागणार. त्यांनी उशी शोधली, तिला नवा अभ्रा शिवून घेतला. इस्त्रीवाल्याने विचारलं, "काय हो, कुणाची तयारी?" "बाई येतायत." "म्हणजे आता तुम्ही चालवणार आणि त्या बसणार?" "हो." "मग मी तुम्हाला काय म्हणून चिडवायचं?" काका हसले. बऱ्याच दिवसांत ते कुणाबरोबर हसले नव्हते.

चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला.

"काका, मावशीचं यायचं रद्द झालंय. डॉक्टर नको म्हणाले, एवढा प्रवास झेपणार नाही. आणि आता ती कधी येईल असं मला वाटतही नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू. गाडी काढून टाकतोय. एक गिऱ्हाईक आहे, येत्या रविवारी येऊन घेऊन जाईल. तुमच्या खोलीचं काही नाही हं, तुम्ही राहा. टायर मात्र साधेच लावा, दिसायला बरे असले की झालं. आपल्याला थोडंच चालवायचंय?"

काका उभेच होते. त्यांची नजर उशीवर होती. त्यांनी विचारलं, "बाईंना माहीत आहे?"

"सांगितलंय. हो म्हणाली."

"मला जरा बोलू दे त्यांच्याशी. एक मिनिट."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग श्वास. काकांनी तो ओळखला.

"बाई, मी बोलतोय. टायर बदलायचेत. दोन प्रकार आहेत बाई. एक साधे, नुसते दिसायचे. एक खरे. गाडी दुसऱ्याकडे जाणार म्हणतात. मग साधे लावू का?"

"हो," बाई म्हणाल्या.

श्वास ऐकू येत होता. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"की चांगलेच लावू, बाई?"

"हो," बाई म्हणाल्या. त्याच आवाजात, तितक्याच मायेने.

सत्तावीस वर्षं काकांना कुठे वळायचं ते बाईंनी सांगितलं होतं, नंतरची सहा वर्षं बाई काय म्हणाल्या असत्या त्यावर त्यांनी दिवस काढले. आता समोर बाई होत्या, आवाज बाईंचा होता, आणि तरी या घडीला त्या खोलीत आपल्याशिवाय कोणी नाही, हे त्यांना पहिल्यांदा लख्ख कळलं. रविवारी कोणी अनोळखी माणूस येईल. गाडी जोरात पळते हे त्याला माहीत असेल, त्यासाठीच घेणार ना तो. डोंगराच्या रस्त्यालाही जाईल. शेजारी कोणाला तरी बसवेल. त्याच्या चार तळव्यांखाली काय आहे ते त्याला दिसणार नाही. काळं आणि गोल दिसेल.

"काका?" भाचा फोनवर आला. "काय म्हणाली?"

"हो म्हणाल्या."

"कशाला?"

"चांगल्या टायरना."

भाचा हसला, जरासा थकून. "मग लावा बाबा तिला हवेत ते. तिचीच गाडी."

त्या संध्याकाळी देवासमोर बसल्यावर काकांनी ते सांगून टाकलं. मी खोटं बोललो नाही, पण खरंही पुरतं बोललो नाही. अर्धाच हो सांगितला. काय शिक्षा द्यायची ती दे. मग उठले आणि उशी कपाटात ठेवून आले.

टायर चढले. टायरवाल्याने चारही टायरच्या जन्मतारखा काकांकडून मोठ्याने वाचून घेतल्या. कडेवरचा बाण चाक फिरायच्या दिशेला आहे ना ते दाखवलं, चाकांचा समतोल साधला आणि मग फडक्याने हात पुसत म्हणाला, "आता एक काम राहिलं. नव्या रबरावर साच्यातला तेलकट थर असतो. तो झिजेपर्यंत टायर रस्ता धरत नाही. पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून चालवायची, जोर नाही, दणका ब्रेक नाही. ते झाल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका."

"दोनशे?"

"जमत नसेल तर घेणाऱ्याला सांगा."

"सांगून कोण ऐकतं?" काका म्हणाले. "नवी गाडी हातात आल्यावर?"

ते आत बसले. टायरवाला दारातून वाकला आणि बघतच राहिला. "अहो, हे काय? गुडघे कानाला लागलेत तुमचे. सीट मागे घ्या की."

बाई बुटक्या होत्या. सीट त्यांच्या मापाची होती. सहा वर्षं काकांनी चार किलोमीटरच्या फेऱ्या अशाच, अंग चोरून, मारल्या होत्या. सीटला त्यांनी हात लावला नव्हता.

"आहे ती ठीक आहे."

"चार किलोमीटरला ठीक असेल. दोनशेला पाय आखडतील, ब्रेकवर वेळेवर पडायचा नाही. मग टायर काय करतील?"

हे खरं होतं. काकांनी सीटखाली हात घातला. दांडी ताठ झाली होती. ती ओढून पाय रेटले तशी सीट मागे सरकली. प्रत्येक खटका त्यांनी मोजला. सात.

शनिवारी पहाटे ते निघाले. त्या शनिवारी त्यांनी गाडी सरकवली नाही, टायरला काही लावलं नाही, डबा रस्त्यावरच्या कचऱ्यात टाकला. देवाचं नाव घेऊन गाडी बाहेर काढली. पहिले काही किलोमीटर रस्ता हाताला परका लागला. मग हळूहळू नव्या टायरचा बारीक गुणगुणणारा आवाज कानात बसला. शंभर किलोमीटर जायचं, शंभर यायचं, एवढंच ठरलं होतं. कुठे जायचं ते नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी ते एका टपरीवर थांबले. दोन माणसं गाडीभोवती फिरून आली. एकाने विचारलं, "काका, तुमची?"

"नाही."

"मग?"

काकांनी कप खाली ठेवला. "टायर मी निवडलेत."

त्या माणसाला यात काय सांगण्यासारखं आहे ते कळलं नाही. तो मान हलवून गेला.

चढावर पहिलं वळण आलं. काकांनी आधी ब्रेक लावला, मग गाडी आत घातली. गाडी रुळावर असल्यासारखी वळली. हे जोरात नव्हतंच, बाईंच्या निम्म्यानेही नाही. दुसरं वळण, तिसरं. चौथ्याला त्यांच्या तोंडून निघून गेलं, "धरा."

शेजारची सीट रिकामी होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. वळण संपलं. सांगायचं थांबलेलं बरंच काही होतं. ते त्यांनी तिथून पुढे, जरा मोठ्या आवाजात, चालू केलं. टायर आठ वर्षांचे निघाले ते सांगितलं. चकाकीच्या तेलाचं सांगितलं, आपली चूक झाली म्हणाले. अर्ध्या होचंही सांगितलं. दुपारपर्यंत ते बोलत होते. परतीला बोलण्यासारखं उरलं नाही, तेव्हा टायरचा आवाज ऐकत आले.

गॅरेजमध्ये गाडी लावली तेव्हा दोनशे तीन किलोमीटर झाले होते. ते गुडघ्यावर बसले आणि टायरवरून तळवा फिरवला. तेलकट गुळगुळीतपणा गेला होता. रबर कोमट होतं, खरखरीत. नख दाबलं, नख रुतलं.

मग ते पुन्हा आत बसले. उद्या येणारा माणूस उंच असेल की बुटका कोणास ठाऊक. तो त्याची तो सरकवून घेईल. काकांनी सीटखालची दांडी ओढली आणि सीट पुढे घेऊ लागले. एक, दोन, तीन. सातव्या खटक्याला गुडघे कानाशी आले. तसेच ते थोडा वेळ बसून राहिले.